सायकलस्वाराची पिशवी आणि वाटेवरचे दुकान

साशंक : लांबच्या वाटेवर सायकल काढणाऱ्याने बरोबर काय काय घ्यावे, असे नवख्याने विचारले की उत्तरादाखल जी यादी त्याच्या हाती पडते, ती वर्षागणिक लांबत चालली आहे. राखीव ट्यूब, टायर रिमवरून उचकटण्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या म्हणजे टायर लिव्हर, ठिगळे आणि सोल्युशन, वीतभर लांबीचा पंप, निरनिराळ्या मापांच्या ॲलन किल्ल्या एका मुठीत दुमडून ठेवणारे जोडहत्यार, साखळीची कडी सोडवण्याचे अवजार, राखीव कड्या, पुढचा-मागचा दिवा, प्रथमोपचाराचा बटवा, आणि हे सारे मावावे म्हणून सीटखाली एक, नळीवर एक आणि हँडलवर एक अशा तीन पिशव्या. यांपैकी काही वगळून शहराची वेस ओलांडणे म्हणजे बेजबाबदारपणा, असा सूर या यादीमागे असतो. वास्तविक याच महाराष्ट्रात दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लावून, टपालाची थैली अडकवून किंवा मुलाला पुढच्या नळीवर बसवून माणसांच्या दोन-तीन पिढ्यांनी रोज मैलोन् मैल सायकल चालवली, आणि त्यांच्याजवळ फार तर नळीला अडकवलेला पंप आणि सीटमागच्या बटव्यात एक पान्हा असे. कित्येकांजवळ तेवढेही नसे. तेव्हापेक्षा रस्ते बरे झाले, टायर सुधारले, खिशात फोन आला, तरी पिशवी मात्र फुगत गेली. याचे निम्मे कारण बाजारात आहे आणि निम्मे मनात, कारण संकटाची भीती वस्तूच्या रूपाने विकत घेता आली की ती आटोक्यात आल्यासारखी वाटते, आणि एक भीती आटोक्यात आली की तिच्याशेजारची दुसरी दिसू लागते.

आग्रही : दूधवाल्याची पिशवी रिकामी होती, कारण त्याची हत्यारे वाटेवर ठेवलेली होती. त्याची काळी सायकल जवळजवळ एकाच घडणीची होती: २८ इंची चाके, त्यांचे तेच टायर, मडगार्ड, सळीचे ब्रेक, आणि हवा भरण्याच्या तोंडाशी बारीक रबरी नळी चढवलेला व्हॉल्व्ह, जिला सर्रास वाल्वट्यूब म्हणत. ही नळी कुजली की हवा गळे, आणि तिचा बोटभर तुकडा कोणत्याही गावच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळे. चाकातले छर्रे, ग्रीस, पेडलची खीळ, आरे, हे सगळे चौकातल्या टपरीत डब्याडब्यांतून भरलेले असे, आणि ते त्या गावात येणाऱ्या प्रत्येक सायकलला बसे. आजच्या सायकलीचे तसे नाही. तिचा टायर बहुधा ७०० सी या मापाचा असतो, म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. जुन्या काळ्या सायकलीचा तोच व्यास ६३५ मिलिमीटर. फरक १३ मिलिमीटरांचा, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा जातीचा, म्हणजे पेन्सिलीहून बारीक, टोकाशी लहानशी चक्री असलेला. ती चक्री सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, आणि मोटारी-ट्रकांना चालणाऱ्या श्रेडर व्हॉल्व्हसाठी केलेले हवेच्या नळीचे तोंड त्यावर बसतच नाही. महामार्गावरचा पंक्चरवाला या सायकलीसमोर बसतो तेव्हा त्याच्याकडे कसब असते, पाण्याचे घमेले असते, कॉम्प्रेसर असतो, आणि तरीही हवा भरता येत नाही. पिशवी फुगली ती या कारणाने. वाटेने जे बाळगणे सोडले ते स्वाराला उचलावे लागले, यात भीतीचा वाटा असेल तर तो फार थोडा आहे.

साशंक : पण मग हा युक्तिवाद पिशवीच्या बाजूने न होता त्या सायकलीच्या विरुद्ध होतो. ज्या वाहनाला देशातल्या कोणत्याही दुकानात हवा भरता येत नाही ते या रस्त्यांवर का आणावे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तो टाळून तिच्यासाठी सोबत दुकान वाहायचे आणि त्याला स्वावलंबन म्हणायचे, हे उलटे झाले. हवेच्या टायरच्या इतिहासात या उलटेपणाचे एक बोलके उदाहरण आहे. डनलॉपचा हवेचा टायर १८८८ साली आला तेव्हा तो रिमला चिकटवलेला असे, आणि पंक्चर काढायचे तर तो सोलून काढून, दुरुस्त करून, पुन्हा चिकटवून वाळत ठेवावा लागे. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी सहज काढता येणारा टायर केला, तो लावून शार्ल तेराँ याने १८९१ सालची पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत सुमारे ७१ तासांत जिंकली, आणि पुढच्याच वर्षी मिशलँने भरवलेल्या पॅरिस ते क्लेर्माँ-फेराँ शर्यतीत वाटेवर मुद्दाम खिळे टाकले गेले, ते या टायरचे पंक्चर किती झटपट निघते हे लोकांना दिसावे म्हणून. उपाय विकणाऱ्याने आधी अडचण पेरावी, हे तेव्हापासून चालत आले आहे. याउलट टॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सान फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि १८८६ च्या अखेरीस जपानात पोचून त्याने जगप्रवास पुरा केला, तेव्हा त्याने बरोबर घेतलेले सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण या दोन्हींचे काम देणारा रेनकोट, आणि एक रिव्हॉल्व्हर.

आग्रही : स्टीव्हन्सचे उदाहरण देताना त्याच्या चाकाकडे दुर्लक्ष होते. त्याचा टायर भरीव रबराचा होता; पंक्चर ही गोष्टच त्याच्या सायकलीला ठाऊक नव्हती, कारण हवेचा टायर त्याचा प्रवास संपल्यावर दोन वर्षांनी जन्मला. भरीव टायरने हाडे खिळखिळी होत आणि वेग मिळत नसे, म्हणूनच लोकांनी हवा पत्करली, आणि हवेबरोबर काटाही पत्करला. शिवाय त्याच्या सामानातले रिव्हॉल्व्हर नजरेआड करता येत नाही. प्रत्येक स्वार आपापल्या वाटेवरच्या धोक्याची कल्पना करून सामान घेतो. स्टीव्हन्सला धोका माणसांचा आणि जनावरांचा वाटला, आजच्या स्वाराला तो सराट्याचा वाटतो. सराटा म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची वेल. तिचे वाळलेले काटेरी फळ कसेही पडले तरी त्याचा एखादा काटा वरच्या बाजूला राहतो. त्याच्या जोडीला बाभळीचे काटे आहेत, आणि महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरांतून सुटलेल्या, केसाएवढ्या बारीक पोलादी तारा आहेत. यादीतली प्रत्येक वस्तू अशा एखाद्या ठरावीक बिघाडाला उत्तर म्हणून आलेली आहे, आणि यादीवर आक्षेप घ्यायचा तर तो बिघाड या वाटेवर होतो की नाही, हे एकेक करून पाहिले पाहिजे.

साशंक : एकेक करून पाहावे हे मान्य, पण पंक्चरपासूनच पाहू लागले तर आढळते ते असे की पिशवी बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती वापरता येत नाही. सोल्युशनची नळी वर्षापूर्वी एकदा उघडलेली असते आणि गरज पडते तेव्हा आत वाळून खडा झालेली असते. राखीव ट्यूब असते, पण टायर रिमवरून काढण्याचा सराव नसतो. हवा भरायला दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची लहान नळी असते, ती पहिल्याच प्रयत्नात वाया जाते आणि मग तिचा उपयोग रिकाम्या लोखंडी नळकांड्यापलीकडे राहत नाही. साधनाने कसबाची जागा घेतल्याचा जो आभास होतो तोच सर्वांत घातक आहे, कारण पिशवी नसती तर त्या माणसाने निघण्यापूर्वी कोणाकडून तरी शिकून घेतले असते, किंवा वाटेतल्या दुकानांची चौकशी तरी केली असती.

आग्रही : कसबावाचून साधन निरुपयोगी, यावर वाद नाही, पण साधनावाचून कसबही हात चोळत बसते, आणि पंक्चरचे काम जवळून पाहिले तर ही दोन्ही एकमेकांत किती गुंतलेली आहेत ते दिसते. जाणता माणूस टायर चढवतानाच त्यावरचे छापील नाव व्हॉल्व्हच्या शेजारी येईल असा चढवतो. हवा गेली की ट्यूब काढून तीत थोडी हवा भरतो आणि ती ओठांजवळून किंवा गालाजवळून हळू फिरवतो, कारण तिथल्या कातडीला बारीक झुळूकही कळते आणि घमेल्याची गरज उरत नाही. भोक सापडले की ते पुष्कळ काही सांगते. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा किंवा तार. शेजारी शेजारी दोन भोके, सापाने दंश केल्यासारखी, असतील तर टायरमध्ये हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली. आतल्या, आऱ्यांच्या अंगाला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि नवी ट्यूबही तासाभरात जाणार आहे. मग ट्यूब टायरवर पूर्वीसारखी धरून, छापील नावापासून मोजत, भोकासमोरची टायरची जागा शोधायची आणि आतून फडके फिरवायचे. फडके जिथे अडते तिथे ती तार असते, जी बाहेरून दिसत नाही आणि बोटाने निघत नाही. तिला चिमटा लागतो. यादीत चिमटा क्वचितच असतो आणि खरे तर तो आधी असायला हवा, कारण तार आत राहिली तर राखीव ट्यूब कितीही असल्या तरी त्या एकामागून एक जातील. उरलेले काम धीराचे आहे: ट्यूब घासून खरखरीत करायची, सोल्युशनचा पातळ हात द्यायचा, त्याची ओली चकाकी जाईपर्यंत थांबायचे, आणि मगच ठिगळ दाबायचे. घाईने ओल्यावर लावलेले ठिगळ धरत नाही.

साशंक : हे वर्णन ऐकल्यावर शंका अधिकच बळावते, कारण त्यातला मोलाचा भाग पिशवीत मावणारा नाही. सायकलीच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती तर रिकाम्या हातांनी झालेली आहे. १९१३ च्या तूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले खिंडीवरून उतरताना युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुबेळका भाग, मोडला. शर्यतीचा नियम असा की स्वाराने आपली दुरुस्ती स्वतःच करावी, कोणाची मदत घेऊ नये. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली, सुमारे १४ किलोमीटर चालत तो सेंत-मारी-द-कांपाँ या गावी गेला, आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हातांनी फोर्क जोडला. लोहार शेजारी उभा राहून फक्त सांगत होता. पण हात दोन्ही गुंतलेले असल्याने भाता एका मुलाने चालवला, आणि तेवढ्याबद्दल क्रिस्तोफला १० मिनिटांचा दंड झाला, जो पुढे ३ मिनिटांवर आणला गेला. काही तास वाया गेलेल्या माणसाला त्या मिनिटांनी काही फरक पडत नव्हता. तरी नियमाने भात्यावरचा मुलाचा हात हा दोष मानला. स्वावलंबन हे मूल्य इतके ताणले की ते कुठे जाऊन पोचते, ते या दंडात दिसते. भट्टी बरोबर नेता येत नाही, ती गावातच असते, आणि गावाकडे जाण्यात कमीपणा नाही.

आग्रही : या हकिकतीत मदतीचे जेवढे कौतुक आहे तेवढीच १४ किलोमीटरची पायपीटही आहे, आणि तीही अशा माणसाची की जो ती शर्यत जिंकण्याच्या वाटेवर होता. फोर्क बरोबर नेता येत नाही हे खरे. म्हणून तो कोणी नेतही नाही. नेण्याजोगे काय, हे ठरवताना तीन गोष्टींचा हिशेब करावा लागतो: बिघाड किती वेळा होतो, तो झाल्यावर सायकल ढकलतही नेता येते की नाही, आणि तो दूर करू शकणारी वस्तू वाटेत मिळते की नाही. या हिशेबाने यादी लहान होते आणि तिचा क्रम बदलतो. साखळी क्वचित तुटते, पण तुटली तर पेडल मारणेच थांबते. ती जोडणारी कडी, जिला सायकलवाले मिसिंग लिंक म्हणतात, काही ग्रॅमांची असते आणि ८, ९, १० किंवा ११ गिअरच्या साखळीप्रमाणे वेगवेगळी लागते, म्हणून ती गावात मिळेल असे धरून चालता येत नाही. साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारे यंत्र, म्हणजे डिरेलर, ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या कानाला लटकते, तो कान मुद्दामच मऊ केलेला असतो, म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडली तर चौकट वाचावी आणि तो वाकावा. वाकलेला कान पुन्हा सरळ करताना तुटू शकतो, आणि त्याचे आकार सायकलीगणिक निराळे असल्याने पुण्या-मुंबईच्या दुकानातही तो हमखास मिळत नाही. तो जवळ नसेल तर साखळी तोडून आखूड करून, एकाच गिअरवर सायकल घरी आणता येते. पण त्यासाठी साखळीचे अवजार लागते. वजनाचा आक्षेपही याच हिशेबात बसतो. ट्यूब, लिव्हर, ठिगळे, जोडहत्यार आणि पंप मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर तासाभराच्या चढाला एक किलोने सुमारे ४० सेकंद वाढतात. अर्ध्या किलोने २०. इतक्या वेळात घाटात पाण्याची बाटलीही उघडून होत नाही.

येथे दोघांच्या म्हणण्यात एक जागा अशी आहे की जिथे मतभेद उरत नाही, आणि ती नोंदवून पुढे जाणे बरे. वाटेवर सायकलीच्या आधी माणूस बिघडतो. एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, आणि नुसते पाणी भरमसाट पीत राहिल्याने रक्तातले सोडियम घसरून मळमळ, गोंधळ, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. म्हणून दोन बाटल्या पाणी आणि ओआरएसची पाकिटे, जी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायची, ही हत्यारांच्याही आधी येतात. डोक्याला हेल्मेट, खिशात थोडे सुटे पैसे, आणि नाव, रक्तगट व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी, यांबद्दलही दोन्ही पक्षांना काही म्हणायचे नाही.

साशंक : अर्ध्या किलोचा हिशेब पटण्याजोगा आहे, आणि यादी त्या हिशेबाने लहान होत असेल तर आक्षेपाची धार बोथट होते हेही कबूल केले पाहिजे. पण मूळ शंका वजनाची नव्हती. वाट म्हणजे केवळ अंतर नव्हे, तिच्यावर माणसे असतात. पंक्चर झाले म्हणून टपरीवर बसलेल्या स्वाराला चहा मिळतो, पुढचा पूल वाहून गेल्याची बातमी मिळते, आणि त्या दुकानदाराला चार पैसे मिळतात. सगळे बरोबर घेऊन निघालेला स्वार या व्यवहारातून बाहेर पडतो. मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले, त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ मध्ये परतून तो पुरा केला. इराण, पश्चिम आशियातले वाळवंट, आल्प्स, अमेरिका अशी ती वाट होती. अशा प्रवासात सायकलीची दुरुस्ती जमणे आवश्यकच असणार. पण साडेचार वर्षे पुरेल असे कोणतेही सामान कोणत्याही पिशवीत मावत नाही. पाणी, निवारा, वाटाड्या, जेवण हे सगळे त्यांना परक्यांकडूनच घ्यावे लागले असणार. विश्वास हेच त्यांचे मुख्य सामान होते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आग्रही : विश्वासाची ही गोष्ट सुंदर आहे, पण ती सर्वांना सारख्या भावात मिळत नाही. दिवसाढवळ्या टपरीवर बसलेल्या पुरुष स्वाराला चहा मिळतो. रात्री अकरा वाजता घाटाच्या वळणावर एकट्या अडकलेल्या स्त्री स्वाराला थांबलेली प्रत्येक गाडी मदतीची आहे की नाही, हे आधी ताडावे लागते. तिच्या दृष्टीने दहा मिनिटांत चाक बसवून निघता येणे ही सोय नसून सुटका आहे, आणि वाटेवरच्या माणसांवर सोपवा असे तिला सांगणाऱ्याने आपण हे कोणत्या वेळी, कोणत्या वेशात, कोणाला सांगतो आहोत याचा विचार केला पाहिजे. परक्या भाषेच्या मुलखात गेलेल्याचे, वाळीत टाकलेल्या वस्तीतून आलेल्याचे, पोरवयातल्या मुलाचेही असेच. पिशवीला भीतीचे बाजारी रूप म्हणणे ज्याला परवडते, त्याला बहुधा भीती कमी असते. आणि स्वावलंबनाचा नियम नेहमीच तूर द फ्रान्समधल्यासारखा निर्दय नसतो. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या आता महाराष्ट्रातही होतात. त्या शर्यती नव्हेत, ठरलेल्या वेळात अंतर पुरे करायचे असते, २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ६०० ना ४० तास. नियंत्रण ठाण्यांखेरीज वाटेत स्वतःच्या गाडीची मदत घेऊन चालत नाही, रात्री दिवे आणि चमकणारे जाकीट लागतेच. पण दुसऱ्या स्वाराला पंप देण्यास, वाटेतल्या दुकानातून काही घेण्यास आडकाठी नसते. पुष्कळदा पहाटे तीनला पिशवी उघडते ती दुसऱ्याच कोणाच्या चाकासाठी. भात्यावरच्या मुलाला तिथे दंड नाही.

साशंक : स्त्री स्वाराबद्दलचे म्हणणे खोडता येण्याजोगे नाही आणि ते खोडूही नये, विश्वासाची बाजू मांडताना तो कोणावर टाकला जातो एवढेच पाहिले गेले होते, तो टाकणाऱ्याची परिस्थिती पाहिली गेली नव्हती. मात्र दिव्यांचा उल्लेख झाल्याने एक भेद स्पष्ट करता येतो. पिशवीतल्या काही वस्तू स्वाराच्या स्वतःसाठी असतात आणि काही इतरांसाठी. मागचा लाल दिवा स्वाराला स्वतःला दिसतही नाही. तो मागून येणाऱ्या ट्रकचालकासाठी असतो. एकेकाळी बिनदिव्याच्या सायकलीला पोलीस दंड करत, आणि लोक डायनॅमो चाकाला टेकवून, जड झालेली पेडले मारत, रस्त्यावर उजेडाचा थरथरता गोल पाडत घरी जात. पान्हा नसल्याबद्दल मात्र कोणाला दंड झाला नाही. इतरांसाठीच्या वस्तूंबाबत साशंक राहता येत नाही, त्या हव्यातच. शंका उरते ती स्वतःसाठीच्या वस्तूंची, आणि त्यातही एका खास प्रसंगी. आठ जणांचा जथा निघतो तेव्हा साखळीचे अवजार प्रत्येकाने घ्यायचे की एकाने? प्रत्येकाने घेतले तर सात अवजारे नुसती फिरून येतात; एकाने घ्यायचे ठरले तर तो एक पुढे निघून गेलेला असतो आणि साखळी शेवटच्याची तुटते.

आग्रही : म्हणून ते शेवटी चालणाऱ्याजवळ द्यावे, असा रिवाज जाणत्या जथ्यांत आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही, कारण मग तो शेवटचा माणूस कोणी व्हायचे हे ठरवावे लागते, आणि त्याची स्वतःची साखळी तुटली तर त्याच्यासाठी थांबायचे कोणी, हेही. एक वस्तू मात्र अशी आहे की जिच्यावर दोन्ही बाजूंचा हक्क पोचतो. प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसवायची पितळी टोपी मिळते, बोटाच्या पेराहून लहान, वजनात नगण्य. व्हॉल्व्हची चक्री सैल करून ही टोपी वर आवळली की त्या तोंडाचा श्रेडर होतो, आणि देशातल्या कोणत्याही पंक्चरवाल्याची नळी त्याला बसते. ट्रकसाठीच्या कॉम्प्रेसरने बारीक ट्यूबमध्ये हवा भरताना हात अगदी हलका ठेवावा लागतो, नाहीतर क्षणात जास्त हवा जाऊन ट्यूब फुटते. एवढे सांगितले की काम होते. सायकल वाटेपासून तुटली असे जे म्हटले, ती तूट ही टोपी बरीचशी सांधते.

साशंक : सांधते ती दुकान उघडे असेल तेव्हा. भोरहून वरंधा घाटाने महाडकडे संध्याकाळी निघालेल्या स्वाराला त्या टोपीचा उपयोग किती, हे घाटाअलीकडचे शेवटचे दुकान कुठे आहे आणि ते किती वाजता बंद होते यावर ठरेल, आणि ही माहिती कोणत्याही यादीत छापलेली नसते. ती भोरमध्ये थांबून विचारावी लागते.

आग्रही : विचारावी, जरूर विचारावी. पण भोरचा दुकानदार उत्तर देण्यापूर्वी खाली वाकून चाकाकडे पाहील, व्हॉल्व्ह बोटांत धरील, आणि ही ट्यूब आपल्याकडे नाही, वर घाटात तर कोणाकडेच नाही, जवळ दुसरी आहे का, असे तोच आधी विचारील.